कोहमाऱ्याच्या ढाब्यावरचा फोटो

माय, तू काढलेला तो फोटो काल पुन्हा दिसला, या खेपेस एका पोराच्या टी-शर्टवर. गोंदियाच्या बाजारात भाजी घेत होते, तर हा समोर उभा. छातीवर तू गायचीस त्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला, ढाब्याच्या खाटेवर मांडी घालून बसलेला, गिटारची नवी तार दातात धरलेली आणि हसू फुटून एक डोळा बारीक झालेला. तो आता फार मोठा माणूस झालाय. मुंबईत स्वतःचा बँड आहे, रॉक वाजवतो, पोरं त्याच्या नावाने वेडी होतात. त्याचे हजारो फोटो निघाले असतील, पण लोकांना हाच लागतो. मी त्या पोराला विचारलं, हा कोणी काढलाय माहीत आहे का? "क्या मालूम आंटी, नेट पे था," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. भाजीची पिशवी तिथेच विसरून आले.

नव्याण्णव साल, मी अकरा वर्षांची. गोंदियाहून येणारी ऑर्केस्ट्राची मेटाडोर तुला कोहमाऱ्याला घ्यायची. त्या दिवशी केशोरीला कार्यक्रम होता आणि मला सुट्टी, म्हणून मीही सोबत. ढाब्यावर दुपारचा चहा चाललाय. तो तार बदलतोय आणि तू मामाने दिलेला कॅमेरा डोळ्याला लावून म्हणतेस, "काऊन रे, आता दातानं वाजवून राहिला का?" तो हसला आणि तू बटण दाबलंस. ज्या हसण्यावर आज दुनिया फिदा आहे ना, ते तू हसवलेलं आहे. ऑर्केस्ट्राचा मालक मात्र लगेच गुरकावला, "बाई, तुमी गाण्याचं पाहा. फोटो काढाले माणसं आहेत." तू कॅमेरा पिशवीत ठेवत विचारलंस, "मंग त्या माणसाईनं काऊन नाही काढला?" सगळे हसले, मालक सोडून. त्या कार्यक्रमात त्याने तुझं एक गाणं कापलं. तू काहीच बोलली नाहीस, आणि मला तेव्हापासून तुझा राग आहे. एवढी जीभ होती, तर ती नेमकी अशा वेळी कुठे जायची?

फोटो धुऊन आला तो तू गिटारवाल्यालाच देऊन टाकलास. एकच प्रत. निगेटिव्ह तरी जपायची! तर त्याच पावसाळ्यात ग्रहण आलं. मोहल्ल्यातल्या काही बायांनीही दारं लावून घेतली होती, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असून. तू अंगणात उभी राहून हाका मारल्यास, "ग्रहण-बिरहण काही नसते, सावली असते. निघा बाहेर." आणि आम्हा पोरींना सूर्य दिसावा म्हणून ती निगेटिव्हची पट्टी कात्रीने कापलीस, दोन-दोन तुकडे एकावर एक चिकटवून हातात दिलेस. असं पाहणं बरं नाही हे तेव्हा कोणाला ठाऊक! डोळे शाबूत राहिले हे नशीब. ढग जरा बाजूला झाले आणि कुरतडलेल्या भाकरीसारखा सूर्य दिसला. मी आनंदाने किंचाळले होते. आता मात्र वाटतं, मामाच्या दवाखान्यातला जुना एक्सरे मागून आणायला काय झालं होतं तुला?

कारण आता सगळे पुरावाच मागतात. एका मुलाखतीत तो गिटारवाला म्हणाला, तो फोटो कोण्या ढाबेवाल्याने काढला. ढाबेवाल्याने! खोटं नाही बोलला तो, विसरला, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. मी त्याच्या ऑफिसला दोन पत्रं लिहिली. निगेटिव्ह असेल तर पाठवा, एवढंच उत्तर आलं. तू जाऊन चौदा वर्षं झाली, साक्ष द्यायला कोणाला उभं करू? तो मालकही गेला.

मागच्या महिन्यात इथल्या एका पेपरचा माणूस घरी आला. तो फोटो माझ्या माहेरच्या कोणीतरी काढलाय, असं कुठून तरी त्याच्या कानावर गेलं होतं. मी चहा दिला. सासूबाई समोरच बसल्या होत्या. माझी आई घरीच असायची, एवढंच या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याने वही उघडून विचारलं, "वडिलांनी काढला असेल ना?" आणि मी हो म्हटलं. माय, इतकं सोपं होतं ते. त्याने लगेच लिहून घेतलं, एकही पुरावा मागितला नाही.

बातमी छापून आली त्याच दिवशी बाबा सडक अर्जुनीहून बसने आले, पेपर काखेत धरून. आल्या आल्या म्हणाले, "म्या कधी काढला वं फोटो? कॅमेऱ्यात रोल कोठून घालतेत तेबी मले ठाऊक नाही." मग त्यांनी चप्पल न काढताच विचारलं, "मायचं नाव सांगाले लाज वाटली का तुले?" मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि बाहेर आले तोवर ते बसस्टँडकडे निघून गेले होते.

आठ दिवसांपासून हे लिहून राहिले. पाठवायचं कुठे, म्हणून वहीतच राहणार आहे, आणि वही सासूबाईंना सापडू नये म्हणून कपाटात. बाबांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुला सांगते. हो, वाटली.