कमानीचा मधला दगड

प्रिय ह्राच दादा,

"देवाकडे दगड पुष्कळ आहेत, आपल्याकडे घर नाही," भूकंपानंतर मठातला दगड गाढवावर लादताना बाबा म्हणाले होते.

त्याच मठाची पडकी कमान मी आता उभारते आहे. गवतात पडलेले सगळे दगड सापडले. फक्त मधला, द्राक्षवेल कोरलेला, तुझ्या दारावर आहे.

परवा मी त्याच्याकडे टक लावून बघत होते, तेव्हा तू हसलास, "गवंडीणबाई, दाराला दृष्ट लावतेस का?" मी जर्दाळू खात राहिले.

त्या दगडाशिवाय कमान टिकणार नाही. तो दारावर बाबांनी स्वतःच्या हाताने बसवला, हेही विसरलेले नाही. दार मी नव्याने बांधून देईन, बाबांपेक्षा सरळ. हे पत्र टाकणार नाही. रविवारी समोरच विचारेन. तू नाहीच म्हणशील. तरी दादा, तो दगड मला उतरवू दे.

तुझीच हट्टी,
शुशान