साडेसहाचा आवाज

सोमवार, ३ नोव्हेंबर

टीव्हीवर नुसत्या मुंग्या. चित्र नाही, बोलणं नाही, फक्त खरखर. मी शाळेतून आले तेव्हा तात्या त्या खरखरीपुढे बसले होते. उजवा कान टीव्हीकडे. थोडं थांबलं तर त्यातून कुणीतरी बोलेल असं वाटत असावं.

"निशी, तू काय हलवलंस काय गो?"

मी काय हलवणार! दिवसभर दाखले लिहून आलेले, अजून पायातली चप्पलही काढली नव्हती. तशीच मागच्या दारी गेले आणि अँटेनाचा बांबू इकडून तिकडे फिरवला. खरखर तीच.

सासऱ्यांना दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. टीव्ही ते ऐकतात, आणि तोही एकच कार्यक्रम – सरकारी वाहिनीवरचा संध्याकाळी साडेसहाचा शेतीचा. जन्मभर होडीवर तांडेल होते. भाताच्या करप्याशी आणि काजूच्या कलमांशी त्यांचा काय संबंध, मला आजवर कळलेलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

शाळेत कळलं. टॉवरवरून जुन्या पद्धतीनं दाखवायचं बंद झालं. आता डिजिटल. जुन्या टीव्हीला वेगळा डबा लागतो आणि अँटेनाही वेगळा. म्हणे महिनाभर पडद्याखाली पट्टी फिरत होती. असेल. आमच्याकडे पडदा बघणारं आहे कोण? तात्यांना दिसत नाही आणि मी त्या वेळी चुलीपाशी असते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ह्यांना मुंबईला फोन लावला. "डिश बसवून टाक ना. कशाला कटकट?"

हे विसरले. डिशवाला मागे येऊन गेलाय. समोर माडांची रांग, दोन माड तोडले तरच डिश चालेल म्हणाला. तात्यांनी त्यालाच अंगणाच्या गडग्याबाहेर काढलं. ते माड सासूबाईंनी लावलेले.

मग मोबाईलवर कार्यक्रम लावून दिला. आमच्या घरात रेंज खिडकीपाशीच येते, म्हणून तात्यांना खिडकीत बसवलं. दोन वाक्यं झाली की आवाज अडकायचा. दहा मिनिटांनी त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"राहू दे. माणूस डबड्यात बसून बोलल्यासारखा वाटतो."

रात्री जेवले नाहीत नीट. बांगड्याचं तिखलं आवडतं म्हणून मुद्दाम केलं होतं. अर्धी भाकरी खाऊन उठले. मी ताट उचललं. बोलायला अंगात जोर लागतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मांडवीचा बाळा आला होता. रत्नागिरीत टीव्ही दुरुस्त करणारा तोच एक उरलाय. डबा आणला, बारीक काड्यांचा नवा अँटेना आणला. कौलांवर चढला, अँटेना बांधला, खाली येऊन डबा लावला. निळा पडदा. मधोमध लिहिलेलं – सिग्नल नाही.

"वहिनी, तुमचं घर या कातळसड्याच्या पोटात. टॉवर सड्यापलीकडं, शहराच्या बाजूला. आधी मुंग्या-मुंग्या करत येत होतं, कारण जुनं होतं ते. अर्धवट आलं तरी ऐकू यायचं. डिजिटलचं तसं नसतं. एकतर सगळं स्वच्छ, नाहीतर काहीच नाही."

तात्या पडवीतून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे आंधळ्याला खरखरसुद्धा चालत होती, ती पण काढून घेतलीत."

बाळा ओशाळला. त्याचा काय दोष. उद्या परत येतो म्हणाला.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाळा आलाच नाही. फोन बंद. दिवसभर कपडे, पाणी, शिवाय तात्यांच्या अंघोळीचं. साडेसहा वाजले तसे तात्या उठून टीव्हीसमोर जाऊन बसले. टीव्ही बंदच होता. सात वाजता उठले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लागला!

बाळा दुपारीच येऊन थांबला होता. मी अर्धी रजा टाकली. अँटेना घरावर ठेवायचाच नाही, असं त्यानं ठरवलं. घरामागून सड्यावर जी पायवाट जाते तिच्या वरच्या टोकाला, जिथून शहर दिसतं, तिथे बांबू रोवला. तिथून वायर घरापर्यंत. करवंदीच्या जाळ्यांतून वायर ओढताना माझ्या हातांची चाळण झाली. बाळा वर, मी खाली टीव्हीसमोर, फोन कानाला. डब्यावर एक पट्टी दिसते, सिग्नल आला की ती भरते. "आली का?" "नाही." "आता?" "थोडी." "आता?" चित्राचे चौकोन चौकोन झाले, हलले, आणि एकदम सगळं जुळलं. इतकं स्वच्छ चित्र या टीव्हीवर मी कधी पाहिलं नव्हतं.

साडेसहाला मी पहिल्यांदा तात्यांजवळ बसले. पाय दुखत होते, उठवतच नव्हतं. म्हणून दिसलं. शेतकरी बोलत होता तेव्हा तात्यांचं लक्ष नव्हतं, पंच्याच्या दशा ओढत होते. शेतीखात्याचा साहेब बोलला तेव्हाही तेच. मग चित्रामागून बाईचा आवाज सुरू झाला, माहिती सांगणारा. तात्यांचा हात थांबला. ती थांबली की हात सुरू. ती बोलली की थांबला.

मी विचारलं, "तात्या, कोण आहे ही?"

त्यांनी पंच्याची एक दशा बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "आपली राही."

राही म्हणजे माझी नणंद, ह्यांच्या पाठची. माझ्या लग्नानंतरच्या आठ वर्षांत तात्यांच्या तोंडून तिचं नाव मी ऐकलं नव्हतं. तिनं जातीबाहेर लग्न केलं. तात्या गेले नाहीत, कुणाला जाऊ दिलं नाही. पुढे हे पण तिला फोन करेनासे झाले. ती मुंबईत टीव्हीसाठी निवेदन करते एवढं मला माहीत होतं. कुठल्या कार्यक्रमात, ते विचारायचं कधी सुचलंच नाही.

मला वाटत होतं म्हाताऱ्याला शेतीचं वेड लागलंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वांदरांनी वायर तोडली. संध्याकाळी सड्यावर चढून जोडली. साडेसहाच्या आत झालं. गवतानं अंगाला नुसती खाज.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज राहीला फोन केला. शाळेच्या मागच्या व्हरांड्यातून, मधल्या सुट्टीत. दोघींकडे एकमेकींचा नंबर होता, कधी लावला नव्हता. दोन दिवस मनात घोळत होतं. म्हटलं, तिला निदान कळू दे की बाप रोज ऐकतो.

पलीकडून कुणीतरी घोगरं, कुजबुजल्यासारखं बोललं. मला वाटलं सासू असेल तिची.

"राहीला देता का जरा?"

"वहिनी, मीच."

मी नंबर पुन्हा बघितला. तिनं सगळं सांगितलं, थांबत थांबत. मध्ये श्वास घ्यावा लागत होता. गळ्याची गाठ काढावी लागली. गाठ निघाली, पण आवाजाची नस दुखावली ती दुखावलीच. त्याला दोन वर्षं होऊन गेली. काम तेव्हाच सुटलं. आता एका ठिकाणी भाषांतराचं करते, घरी बसून.

"मग तो शेतीचा कार्यक्रम?"

"त्यात माझ्या जागी दुसरी मुलगी आली. मीच तिला शिकवलं. सुरुवातीला माझंच ऐकून ऐकून बोलायची."

राहीनंच विचारलं, "का हो वहिनी? आज अचानक?"

सांगितलं. तात्या, मुंग्या, डबा, सड्यावरचा बांबू, सगळं. मला वाटलं फोन कट झाला. मग तो घासल्यासारखा आवाज आला, "त्यांना सांगू नका. ऐकू देत."

घंटा झाली. टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा तसाच होता. तीन दाखल्यांवर चुकीची जन्मतारीख घातली आज.

शनिवार, १५ नोव्हेंबर

संध्याकाळी जवळ बसले नाही. स्वयंपाकघरातच काम काढलं. तरी आवाज येतोच. छान आवाज आहे त्या मुलीचा. स्वच्छ. वाटलं, वांदरांनी वायर पुन्हा तोडली तर बरं. असं वाटलं याची लाजही वाटली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

जमिनीवरून येणारा मतलई वारा सुटलाय. वर बांबू हलत असणार, मध्ये मध्ये चित्र गोठतं आणि आवाज तुटतो. तात्या म्हणाले, "आज तिचं बरं नाय. गळा धरलाय बघ."

मी हो म्हटलं. आता हे असंच चालायचं का? ह्यांना सांगितलं तर म्हणतील, तू कशाला मध्ये पडलीस. खरंच, कशाला पडले? घरात आंधळा माणूस, नोकरी, एकटीनं सगळं – त्यात हे आणखी एक ओझं मीच डोक्यावर घेतलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

राहीचा मेसेज. "उद्या येते. नुसतं बघून जाते. राहणार नाही."

घर झाडलं. कशासाठी झाडलं, मला ठाऊक नाही. तिला धूळ काय नवी आहे का?

रविवार, २३ नोव्हेंबर

राही दुपारच्या एसटीनं आली. गडग्याशी उभी राहिली, आत येईना. केस थोडे पिकलेत. गळ्यावर आडवी रेघ आहे, ओढणीनं झाकलेली. मी हात धरून आणली.

तात्या पडवीत बाकावर होते. पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"कोण हाय गो?"

राहीनं तोंड उघडलं. शब्द आलाच नाही. मी घाबरले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शाळेतल्या बाई आहेत माझ्या. सहज आल्यात."

"बसा बाई. निशी, चहा ठेव."

ती त्यांच्यासमोरच बसली. मी चहा ठेवला, दूध उतू गेलं, परत ठेवला. येऊन बघते तर ती नुसती त्यांच्या पायांकडे बघत होती. तात्यांचे पाय सुजतात हल्ली.

निघते निघते म्हणत ती थांबली. साडेसहा झाले. तात्या आत आले, खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "बाईंना पण बोलाव आत."

कार्यक्रम लागला. काजूवरच्या ढेकण्या किडीचं काहीतरी चाललं होतं. त्या मुलीचा आवाज आला तसा तात्यांनी हात वर केला.

"ऐका बाई. ही माझी लेक."

राही भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"चांगलं बोलते ना?"

"हो," राही म्हणाली. एवढंच. चुलीतली राख खरवडावी तसा आवाज.

तात्यांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "लहानपणी होडीवर न्यायचो तिला. खलाशांना हाका मारायची माझ्याआधी. लांबच्या होडीला पण ऐकू जायचं. तिच्या आईला आवडायचं नाय. मी म्हणायचो, ओरडू दे."

टीव्ही चालूच होता.

"लग्न केलंन तिनं. मी गेलो नाय. गावाला वाटलं तात्या रागानं घरात बसलाय. घरात नव्हतो मी. खाडीच्या तोंडाशी होडी घेऊन गेलो. जाळं टाकलंच नाय. दिवसभर बसून होतो. भरती आली, ओहोटी लागली. संध्याकाळी परत आलो नि निशीच्या सासूला सांगितलं, आज मासळी नव्हती."

राहीनं विचारलं, "मग बोलवत का नाही तिला?"

तात्यांनी तोंड टीव्हीकडेच ठेवलं होतं. "बोलवायला तोंड लागतं, बाई. ती यायची झाली तर मी काय दार लावून घेणार नाय. पण तिला ते कोण सांगणार?"

कार्यक्रम संपला. राही वाकून पाया पडली. तात्यांनी हात पुढे केला तो तिच्या डोक्यावर पडला. काढला नाही लगेच.

"उतरणीला चिरे सुटे हायत. बघून जा," म्हणाले.

मी तिला सोडायला स्टॉपपर्यंत गेले. एसटीची वाट बघत दोघी उभ्या. मी म्हटलं, "मी असं काय बोलून गेले गं. माफ कर. चल परत, सांगू त्यांना."

तिनं मान हलवली. "नको वहिनी. राही म्हणून आले असते तर हे मला सांगितलंच नसतं त्यांनी."

घरी आले तर तात्या टीव्ही बंद करून बसले होते. त्यांना जेवायला वाढलं. सगळं जेवले.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी चहा दिला. तात्यांनी कप हातात नुसताच धरला होता. मी शाळेला निघाले तेव्हा म्हणाले, "निशी, राहीच्या गळ्याला काय झालं गो?"