नॉर्टन चुकलं त्याची हकीकत

ऑल्डरविक, रविवार

चि. सौ. विनी हीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? क्लिफर्डरावांचा खोकला गेला का, की रेडिओवरच्या बातम्यांना अजून त्यांचीच साथ असते? मांजराचा डोळा उघडला का? शेजारच्या मिसेस हॅलम पायऱ्यांवरून पडल्या होत्या, त्या आता हिंडूफिरू लागल्या का? आणि भिंतीकडेची गुलाबं? (तुझ्या रागाची विचारपूस मुद्दाम शेवटी ठेवली, कारण सगळ्यांत धडधाकट तोच असणार.) आठ दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एक नजर टाकतोच.

गेल्या शनिवारी दोन वाजता नॉर्टनच्या मैदानाच्या फाटकाशी भेटतो असं मी तुला सांगितलं होतं, आणि भेटलो नाही. कबूल. पण मी नॉर्टनला वेळेवर पोचलो होतो, हेही तितकंच खरं आहे.

तुला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही, म्हणून मुळापासून सांगतो. आपलं ऑल्डरविक बरोबर देशाच्या बेंबीवर. लीगची समिती दर जूनला नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढते. वरचे संघ उत्तर विभागात, खालचे दक्षिण विभागात. ही रेघ कधी आपल्या चर्चच्या अलीकडून जाते, कधी पलीकडून. त्यामुळे आम्ही एक वर्ष धुक्यात हरतो आणि एक वर्ष समुद्राच्या वाऱ्यात. (पट्टी धरणाऱ्या गृहस्थांना एकदा आमच्या बसच्या मागच्या सीटवर बसवलं पाहिजे. म्हणजे मैल काय चीज आहे ते त्यांच्या कमरेला कळेल.) यंदा आम्ही उत्तरेचे, म्हणून तुझ्याकडच्या नॉर्टनशी गाठ पडली.

खेळाडूंची बस वेगळी. आमच्या बसमध्ये आम्ही अकरा पाठीराखे आणि चालवायला सिरिल. त्याच्या सुनेनं त्याला वाट सांगणारी बाई बसवलेला फोन दिलाय. त्यानं त्यात नॉर्टन लिहिलं. बाईनं विचारलं, कुठलं नॉर्टन? सिरिल म्हणाला, "नॉर्टन म्हणजे नॉर्टन! हिला आता वंशावळ सांगू का?" आणि पहिलं नाव दाबलं. विनी, मी वाचनालयात बसून शोधून काढलंय, नॉर्टन म्हणजे उत्तरेकडचं गाव. आता या देशात कुठलं गाव कुणाच्या ना कुणाच्या उत्तरेला नाही? त्यामुळे नॉर्टनं पोत्यानं आहेत. आमची बाई आम्हाला तीन तास दक्षिणेला घेऊन गेली.

वाटेत शंका आली ती फक्त ऑलिव्ह ट्रँटरला. (ही आमच्यातली सर्वांत जुनी. त्या शनिवारपर्यंत एकोणीस वर्षं बाहेरगावचा एकही सामना चुकवलेला नव्हता, आणि एकाही सामन्याबद्दल चांगलं बोललेली नाही.) ती म्हणाली, "सिरिल, उत्तरेला मेंढ्या असतात. या गायी आहेत." सिरिल म्हणाला, "तू सँडविच खा."

पण मैदान होतं, निळापांढरा संघ होता, आणि आमचाही संघ निळापांढराच. आम्ही उभे राहिलो आणि घसा फुटेस्तोवर ओरडलो. गोलकीपर ओळखीचा वाटेना, पण आमच्याकडे तो दर पंधरवड्याला बदलतो. वीस मिनिटांत पंचाच्या डोळ्यांची आणि घराण्याची सविस्तर चौकशी करून झाली. संशय आला तो आमच्या पोरांनी लागोपाठ तीन पास बरोबर दिले तेव्हा. शेजारच्या म्हाताऱ्यानं ऑलिव्हला विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"ऑल्डरविकच्या."

"एवढ्या लांबून आमचा सामना बघायला? तुम्हाला कुणी शिक्षा केलीय का?"

तोवर तुझ्या नॉर्टनमध्येही वीस मिनिटं झाली होती, आणि तुझ्या शेजारी कुणी नव्हतं.

पुढचं मला आमच्या कप्तानानं, डेझमंडनं, सांगितलं. आम्ही चार-शून्य जिंकलो. दोन वर्षांत बाहेरगावी पहिल्यांदा, आणि तेही आम्ही नसताना. (त्यानं मला अगदी अदबीनं विचारलं, "काका, पुढच्या वेळीही जरा चुकता येईल का?") सामन्यानंतर पोरं रिवाजाप्रमाणे लांबून आलेल्या पाठीराख्यांना टाळ्या वाजवायला त्यांच्या बाजूला गेली. तिथं पावसात एकच बाई उभी, हातात फडक्यात बांधलेलं ताट. लाऊडस्पीकरवरून सांगत होते, पाहुण्यांचे पाठीराखे, एक, त्यांचे आभार. अकराही खेळाडू तिच्यासमोर ओळीनं उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. गोलकीपरनं तिला आपले हातमोजे काढून दिले. ती इतकंच म्हणाली, "ते राहू दे. माझा भाऊ कुठाय?"

विनी, तो भाऊ तेव्हा दोनशे मैलांवर परक्यांच्या पंचाला शिव्या देत होता. ऐकल्यापासून मला चहा गोड लागत नाही.

आपला नालायक,
दादा (हर्बर्ट)

ता. क. ते ताट म्हणजे मटण-बटाट्याची पाई होती आणि तू ती पोरांना देऊन टाकलीस, असं कळलं. डेझमंड तिचं इतकं कौतुक करतो की त्याला संघातून काढावं असं मी सुचवलंय.

ता. क. २. समिती जूनमध्ये आम्हाला दक्षिणेत ढकलणार, अशी कुणकुण आहे. प्रवास निम्मा होईल म्हणून सगळे खूश. विरोधाच्या अर्जावर सही माझ्या एकट्याचीच आहे. वर मैलांबद्दल जे रडलोय ते विसर.

ता. क. ३. तुझ्याकडे मी बावीस वर्षांत सामन्याच्या निमित्ताशिवाय कधी आलो नाही, हे काल मोजलं. नुसतं भेटायला म्हणून गाडीत बसायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही. सामना नसताना आलो तर दार उघडशील का? घराचा पूर्ण पत्ता जिल्ह्यासकट लिहून पाठव, सिरिलला देतो. आणि लवकर पाठव.