आसेगावचे लाभार्थी

११ नोव्हेंबर २०२४

प्राचार्यांनी आज विचारलं, ‘‘मॅडम, हे स्वादुपिंड नेमकं असतं कुठं?’’ सांगितलं, जठराच्या मागे. तर म्हणाले, ‘‘वा! मग प्रस्तावावर पहिलं नाव माझंच टाका.’’

जठराच्या मागे काय आहे याचा विचार ह्या माणसाने जन्मात केला नसेल. जठर भरलं की झालं. आणि म्हणे मुख्य संशोधक!

पुण्याच्या एका फाउंडेशनने स्वादुपिंडाच्या कर्करोगावरच्या संशोधनाला निधी जाहीर केलाय, त्यात ग्रामीण भागाला वेगळा वाटा. चार वर्षं अर्ज करतेय मी. सगळीकडून एकच उत्तर – तोंडाचा कर्करोग घ्या, गर्भाशयाचा घ्या, त्याला पैसा आहे. कर्करोगातही फॅशन! स्वादुपिंडाचे रुग्ण टिकतच नाहीत, मग त्यांच्या नावाने फिती लावणार कोण आणि धावणार कोण? मंगरूळपीरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला पुन्हा अशी संधी येणार नाही. हा निधी मला हवाच आहे.

माझा मुद्दा साधा. पन्नाशीनंतर एखाद्याची शुगर अचानक निघते आणि त्याच सुमारास तो वाळायला लागतो. अशांतल्या थोड्यांच्या स्वादुपिंडात गाठ असते. त्यांना वेळेत हुडकायचं आणि पुढच्या तपासणीला पाठवायचं. मावशी अशीच गेली. एकीकडे शुगरची गोळी, दुसरीकडे गॅसची गोळी, आणि आमचे डॉक्टर म्हणत होते, ‘‘वजन उतरलं ना? छानच झालं!’’

छान!

१५ नोव्हेंबर

प्राचार्यांना ‘सल्लागार’ केलं. खूश आहेत. सल्ला कशाचा देणार – पोह्यांत शेंगदाणे किती?

१९ नोव्हेंबर

अर्जासोबत छोटी पाहणी जोडायची आहे. पन्नाशीच्या वरचे चाळीसेक लोक. आसेगावलाच करते. माहेर आहे, ओळखीचे लोक आहेत, नाटकं कमी होतील. भावाला, राजूला, फोन करून सांगितलं – रविवारी ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात बसते, लोकांना कळव.

२४ नोव्हेंबर

कपाळ माझं!

राजूने गावाच्या ग्रुपवर टाकलं – ‘शुगरवाल्या व वजन उतरलेल्या लोकांची नावे घेणार आहेत.’ झालं! नावं घेणार म्हणजे योजना. त्यात निवडणुकीचा निकाल कालच लागलेला. सकाळी पोचले तर अख्खं गाव आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स आणि दोन-दोन फोटो घेऊन हजर!

‘‘तुम्हाला शुगर आहे?’’

‘‘हाय ना.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘तुमाले कधीपासूनची पाह्यजे?’’

शेजारची लिलाबाई वजनकाट्यावर जेमतेम मावली. म्हणते, ‘‘धा किलो उतरली मी. पयले पाह्यली असती तं वळखली नसती!’’ बोटाला टोचून शुगर पाहिली. माझ्यापेक्षा चांगली. ‘‘मशीन खराब असन तुमची.’’ तिची सासू सोजरबाई काठी टेकत पुढे यायला बघत होती, तर लिलाबाईने तिला मागे सारलं. ‘‘एका घरातून एकच घेतेत. बुढीचं काय काम?’’

कोण घेतात? काय घेतात? घसा फोडून सांगितलं – हे संशोधन आहे, इथे कुणाला दमडी मिळणार नाही. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. एक जण जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘बरोबर हाय, मॅडम. सगळ्याईसमोर असंच सांगा लागते.’’

धन्य! ह्यांच्यासाठी मी रात्रंदिवस डोकं फोडून घेतेय.

आमचं घर तरी कुठे वेगळं? राजूची बायको वैभवी रांगेत उभी. बत्तीस वर्षांची! ‘‘ताई, मले लय थकवा येते. घरातून माझंच नाव ठरलं हाय.’’ लोकांसमोर तमाशा नको म्हणून नाव लिहून घेतलं आणि तिला वाटेला लावली.

एकटे बाबा वेगळे. सगळा वेळ खुर्च्या लावत होते, म्हाताऱ्यांना पाणी देत होते. म्हटलं, तुम्हीही बसा ना. तर म्हणाले, ‘‘मले काय झालं, माय? ठणठणीत हाव मी. तू त्याईचं पाह्य.’’ अख्ख्या गावात खरं बोलणारा एक माणूस, आणि तो माझा बाप – पुंजाजी पाटील! परत येताना गाडीत तेवढ्यानेच बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर

आसेगावची सगळी माहिती बाद. कचरा.

८ डिसेंबर

अनसिंगच्या एका दवाखान्यात बसून पाहणी करतेय. गावात कुणाला कळवलं नाही. येणारे खरोखर आजारी असतात, त्यामुळे थापा मारायचं त्राण त्यांच्यात नसतं. डॉक्टर मात्र दर अर्ध्या तासाने येऊन विचारतात, ‘‘पेपरात माझं नाव येईल ना?’’ येईल हो, येईल. रक्त तपासण्यापेक्षा ह्यांची हाव तपासली तर आकडे जास्त येतील.

२१ डिसेंबर

अर्ज गेला. बटण दाबायच्या आधी देवाला हात जोडले. कुणाला सांगणार नाही.

१७ जानेवारी २०२५

ऑनलाइन मुलाखत. समितीत पाच उंटावरचे शहाणे. एकाने विचारलं, ‘‘वाशिम म्हणजे नागपूरच्या जवळच ना?’’ दुसरा पूर्ण वेळ काहीतरी खात होता. एक बाई तेवढ्या तयारीच्या वाटल्या. त्यांनी नेमकं बोट ठेवलं – ‘‘अर्जात लिहिलंय, आधी आसेगावला पाहणी केली, मग ती वगळली. का?’’

म्हटलं, ‘‘मॅडम, त्या गावात सगळे लाभार्थी आहेत, रुग्ण कुणीच नाही. एक माणूस सोडून सगळे खोटं बोलले.’’

पाचही जण हसले. आधार कार्डांचा किस्सा रंगवून सांगितला, लिलाबाईची नक्कलसुद्धा केली. खाणाऱ्याला ठसका लागला. बाईंनी हसत हसतच विचारलं, ‘‘आणि खरं बोलणारा तो एक कोण?’’ मी मान ताठ करून सांगितलं, माझे वडील.

तिथेच काम झालं. मला कळतं ते.

१२ फेब्रुवारी

मंजूर! मंजूर! तीन वर्षांसाठी मंजूर!! आणि प्रस्तावावरचं पहिलं नाव माझं!

२० फेब्रुवारी

कॉलेजात सत्कार. पहिला हार प्राचार्यांना, दुसरा संस्थेच्या अध्यक्षांना, तिसरा अध्यक्षांच्या मेहुण्याला. मला श्रीफळ. प्राचार्य भाषणात म्हणाले, ‘‘स्वादुपिंडाशी माझं जुनं नातं आहे.’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या!

बाबा आले होते. राजूच्या लग्नात शिवलेला सदरा, आत अजून एक माणूस मावेल असा. खांद्यावरून ओघळत होता. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! जेवताना हळूच म्हटलं, ‘‘आजच्या दिवस तरी मापाचा सदरा घालायचा होता.’’ म्हणाले, ‘‘हाच मापाचा हाय, माय.’’ ताटातलं अर्धं तसंच टाकून उठले. इथल्या स्वयंपाक्यांना वरण धड जमत नाही, त्यांनी तरी काय खावं!

२ मार्च

राजूचा फोन. ‘‘बाबाईचे डोये पिवळे झाले.’’ आठ दिवस झाले म्हणे! आणि ह्या दिवट्यांनी केलं काय – कुणाकडून तरी झाडपाल्याचं औषध आणलं आणि दंडाला दोरा बांधला! वैभवी फोनवर म्हणते, ‘‘ताई, उतरून राह्यली ना कावीळ.’’ डोंबल उतरतेय! बहीण कर्करोगावर संशोधन करते आणि भाऊ दोरे बांधतो. अडाण्यांनो! तोंडाला येईल ते बोलले. उद्या स्वतः जाऊन बाबांना अकोल्याला नेते.

८ मार्च

सीटीचा रिपोर्ट डॉक्टरांनी मला इंग्रजीत समजावला, बाबांना कळू नये म्हणून. मला काही समजावायची गरज नव्हती. स्वादुपिंडात गाठ. यकृतात पसरली आहे.

बाहेर बाकावर बाबांना विचारलं, शुगर कधी निघाली? म्हणाले, ‘‘गणपतीत.’’

आणि वजन?

‘‘थे तं तवापासूनच उतरून राह्यलं.’’

मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंत, बाबा? मी तेच तर विचारत बसले होते!

‘‘एका घरातून एकच घेतेत ना, माय. आपल्या घरातून वैभवीचं देल्लं होतं. तिले लेकरं हायेत.’’

मी रिपोर्ट पुन्हा पाकिटात घालू लागले. त्यांना वाटलं, मी रागावले. म्हणाले, ‘‘आता माझं टाकता येत असन तं टाक. पण तिचं खोडू नको.’’