सात नंबरची वाकळ

११ जानेवारी, शनिवार

चौथा नंबर! एकवीस जणींत चौथा. पंचवीस वर्षं सांगलीत शिवणाचा क्लास चालवला, निम्म्या विश्रामबागेतल्या पोरींना सुई धरायला शिकवली — आणि चौथा!

ग्रुपचं नाव 'वीतभर वाकळ'. चालवते कराडची दीपाली, माझीच जुनी विद्यार्थिनी. ती एक शब्द देते. त्या शब्दावर दहा दिवसांत वीत बाय वीत वाकळ शिवायची. जुन्या कपड्यांची, हातानं, मशीन चालत नाही. प्रत्येक वाकळेला नंबर. कुठली कोणाची, ते फक्त दीपालीला ठाऊक. मग मतं पडतात, आणि निकालाच्या दिवशी नावं फुटतात.

या वेळचा शब्द होता 'अंगण'. मी चौकटीची फरशी केली होती. इंचात बारा टाके, कोणीही मोजून घ्यावेत. आणि पहिली कोण, तर दहिवडीच्या बनुबाई. काय शिवलं? एक खुंटी आणि एक शेळी. शेळीला पाय तीन!

माझ्या वाकळेखाली कोणीतरी लिहिलंय — 'सफाई लय हाय, पण पांघरावी वाटत न्हाई.' वीतभर वाकळ पांघरायची कोणी? उंदरानं?

१२ जानेवारी

जेवताना हे म्हणाले, "अगं, वीतभर चिंधीवरनं किती दिस तोंड पाडून बसणार हाईस?" आमच्या रायगोंडा पाटलांना बाजारातली हळद कळते. टाका कळत नाही.

२० जानेवारी, सोमवार

दीपालीचा फोन. "मॅडम, पुढच्या फेरीला परीक्षक तुम्हीच. मतं-बितं नकोत. तुमच्याइतकं टाक्यातलं कोणाला कळतंय?"

गोड बोलून मला स्पर्धेबाहेर काढते आहे. न समजण्याइतकी मी भोळी नाही. तरी हो म्हटलं. दोन अटी घातल्या. वेळ म्हणजे वेळ. पूर्ण म्हणजे पूर्ण.

"क्लासात पोरी तुम्हाला उसवबाई म्हणायच्या, माहितीये का?" हसत होती. माहीत होतं. वाकडा टाका दिसला की मी एकच शब्द बोलायची — उसव! किती जणी रडल्या. त्यातल्याच तिघी आज स्वतःची दुकानं चालवतात. इकडे फिरकत नाहीत.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सहाला शब्द आला. 'वाट'. मुदत दहा तारखेला संध्याकाळी सहापर्यंत. परीक्षकाचं नाव खाली ठळक अक्षरांत. आता सगळ्या जणी रस्ते शिवणार, दुसरं काय!

मला शिवायचं नाही, तरी हात स्वस्थ बसेनात. ट्रंक उघडली. वरच ब्राह्मीचा पिवळा फ्रॉक.

तिचं नाव या वहीत येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आलं. येऊ दे.

चार वर्षं झाली. एकुलती लेक. एम.एस्सी. केलं, कराडला नोकरी लागली, आणि एक दिवस पाटणच्या उदयसिंहाशी कोर्टात लग्न करून दारात उभी राहिली. मुलगा बरा असेलही. पण जात वेगळी, खाणंपिणं वेगळं, आणि आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. म्हटलं, "केलंस ते उसव, मग आत ये." ती आल्या पावली फिरली. तेव्हापासून तिचा फोन नाही. मीही केला नाही. चूक तिची.

सासूबाईंनी बिघडवली तिला. लहानपणी त्यांच्या मांडीशी बसून वाकळ शिवायची, तीसुद्धा डाव्या हातानं. मी फूटपट्टी उगारून सुई उजव्या हातात द्यायची. माझी पाठ वळली की सुई पुन्हा डावीकडे, आणि दोघी खुसुखुसु हसायच्या. शिवाय सासूबाईंच्या रीती! वाकळेच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेव, मंगळवारी दोरा तोडू नको, अमकं उघडं ठेव, तमकं झाकून ठेव. मी बी.ए. झालेली. असल्या गोष्टींना कधी थारा दिला नाही. पोरगी मात्र तोंड उघडं टाकून ऐकायची.

फ्रॉकला कात्री लावली नाही. होता तसा ठेवला.

६ फेब्रुवारी

ग्रुपवर गयावया सुरू. 'मॅडम, पाहुणे आल्यात, दोन तास वाढवून द्या की.' मी लिहिलं — सहा म्हणजे सहा. चार अंगठे आले आणि एक डोळे फिरवणारं तोंड. कोणाचं ते पाहून ठेवलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दीपाली पिशवी घेऊन आली. एकोणीस वाकळा. पलंगावर ओळीनं मांडल्या. तेरा रस्ते, चार घाट, एक रेल्वेचा रूळ. एका रस्त्यावर तीन पायांची शेळी. तिथे नंबर कशाला बघायचा!

आणि सात नंबर. चित्र नाही, रंग नाही. जुनं पांढरं धोतर, मधोमध नखाएवढं हिरवं ठिगळ. कडेपासून टाक्यांच्या ओळी फिरत फिरत त्या ठिगळाशी येऊन थांबतात. कडेची पट्टी तीन कोपऱ्यांत दुमडून शिवलेली. चौथा कोपरा उघडा! आतल्या घड्या दिसतात. दोरासुद्धा तोडलेला नाही, सुई तशीच लोंबते आहे.

"मुद्दाम ठेवलं असेल, मॅडम," दीपाली हळूच म्हणाली.

"दहा दिवस दिले होते. एका कोपऱ्याला किती वेळ लागतो? दोन मिनिटं."

"तरीपण... जरा नीट बघा की."

"नीटच बघितलं."

बघितलंच होतं. टाके एकसारखे, पण उलटीकडे झुकलेले. शिवणारी डावखुरी असावी. जगात डावखुऱ्या पुष्कळ.

लाल पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून टाचली — अपूर्ण. बाद.

दीपाली चहा न घेता गेली. वाकळा रविवारपर्यंत माझ्याकडे. संध्याकाळी हे आले, सगळ्या सोडून सात नंबर उचलला आणि घेऊन खुर्चीत बसले.

"हिचं काय ठरवलंस?"

"बाद."

ह्यांनी उठताना वाकळेची घडी घालून ठेवली. वीतभर वस्तूची घडी!

१२ फेब्रुवारी

तो कोपरा डोळ्यात खुपत होता. येता-जाता तिकडेच लक्ष. दुपारी बसले आणि शिवून टाकला, तिच्याच लोंबत्या सुईनं. सात टाके. दोरा दातानं तोडला. बाद झालेली असली म्हणून काय झालं, माझ्या घरातून अर्धवट वस्तू बाहेर जायची नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल टाकला. पहिला नंबर एका घाटाला. सगळ्यात शेवटी — सात नंबर, अपूर्ण म्हणून बाद. नावं या वेळी दीपाली रविवारी फोडणार. दोन-तीन मिनिटांत एक बाई ग्रुप सोडून गेली. नाव नाही, नुसता फोन नंबर दिसला. माझ्या ओळखीचा नव्हता.

निकाल सोसत नसेल तर भाग घेऊ नये.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बनुबाईंचा आवाजी मेसेज. जसा आठवतो तसा लिहून ठेवते.

"आवं बाई, मी बनुबाई बोलतीया, दहिवडीवरनं. तुमी शिकलेल्या हाय, मी काय सांगावं तुमास्नी. माझी शेळी पाडली त्येचं कायबी न्हाई, तिला पाय कमीच हाय! पर सात नंबरला का वो बाद केलं? दीपालीनं फोटू टाकला तवाच मी वळाखलं. त्यो कोपरा चुकून न्हाई ऱ्हायला. पोटात बाळ असलं की दुपट्याचा एक कोपरा उघडा ठेवत्यात. सुई बी तशीच ठेवायची, दोरा तोडायचा न्हाई. बाळ जलमलं, रडलं, की मग पोरीची आई येऊन शिवती त्यो. तिनंच शिवायचा असतोय. त्या पोरीनं तिची वाट दावली, बाई, दुसरं काय! लय वंगाळ वाटलं बगा मला."

तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा मान वर केली तर हे दारात उभे.

"आई बी तसंच करायची," म्हणाले. "ब्राह्मीच्या वक्ताला आईनं तुझ्या आईसाठी कोपरा ठिवला हुता. तू घेऊन शिवून टाकलास. आठवतंय का?"

आठवलं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. का जेवल्या नाहीत, ते मी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"पाचवा लागलाय तिला." ह्यांनी खिशातून फोन काढला, परत ठेवला. "दर रविवारी बोलतो मी तिच्याशी, नदीच्या घाटावर बसून. सांगू नका म्हणाली. तूच परीक्षक हाईस म्हटल्यावर लय खूश झालती. म्हणाली, आईला टाक्यावरनंच कळंल."

मला टाक्यातलं सगळं कळतं.

हे आत गेले. मी पलंगावर सात नंबर घेऊन बसले. कोपरा इतका सफाईनं शिवला आहे की माझा टाका कुठला, तिचा कुठला, हे दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. मला येतं. माझे सात सरळ. बाकी सगळे उलटीकडे झुकलेले, लहानपणापासून आहेत तसे. लाल पेन्सिलीची चिठ्ठी काढली. टाचणीची भोकं राहिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सातही टाके उसवले. तुटलेला दोरा जुळत नाही, नवा ओवून सुई लोंबती ठेवली. हे मघापासूनच चपला घालून बसलेत. कराडला जायचं, तिथून पाटणची एसटी.

तिच्या दारात उभं राहून एवढंच म्हणायचं आहे — उसवून आले.