मंजुळेचा तिसरा अंक

लकडगंज, नागपूर
१२ सप्टेंबर १९६८

ती. रामाजीमामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, आधी बसून घ्या, मग पुढे वाचा. माझा पाय मोडला. गावच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा तिसरा अंक जुळवत शुक्रवारी तलावाकडे चाललो होतो. खलनायकाचं भाषण हातवारे करत म्हणता म्हणता नळासाठी खोदलेल्या नालीत उतरलो. धंतोलीच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढवलं आणि दिवाळीपर्यंत खाट सोडायची नाही म्हणून बजावलं.

पायाचं मला काही नाही, अंकाचं आहे. बसल्या जागी मला आजवर एक ओळ सुचलेली नाही. लाकडाच्या आरागिरणीतली कारकुनी संपली की चालत सुटायचं आणि घरी येऊन सुचलेलं उतरवून काढायचं, ही माझी रीत तुम्ही जाणताच. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवऱ्याने संशय घेतलेली मंजुळा विषाचा पेला घेऊन उभी राहिली, ती अजून उभीच आहे. तिचं काय करू?

मामींना नमस्कार. लोभ आहेच, या खेपेला थोडी दयाही असू द्यावी.

आपला भाचा,
मुकुंद

खैरी, जि. भंडारा
१९ सप्टेंबर १९६८

चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद.

पायाचे वाचून वाईट वाटले. अंकाचे वाचून जेवण गेले नाही. भाऊबीजेनंतरची मंडई म्हणजे पंचक्रोशीतले लेकी-जावई गावात येणार, आणि शेजारच्या पिपरीवाल्यांनी त्याच दिवशी त्यांचे नाटक लावले आहे. आपले पडले तर मला वर्षभर पिपरीच्या बाजारात तोंड दाखवता यायचे नाही. मंजुळेचे काम करणाऱ्या लहानूने तर मिशी काढली. रोज अंगणात विष पिऊन पडतो. त्याच्या आईने मला विचारले, पोराले असं रोज काहून मारून राहिले गा?

मी उपाय काढला आहे. आजारी माणसाच्या नावाने घरचे माणूस देवीला प्रदक्षिणा घालते आणि गुण आजाऱ्याला येतो. तसे सौ. शामलाने तुझ्या वाटेने तुझ्या नावाने रोज चालून यावे. चालेल ती, सुचेल तुला. हसू नकोस. आजच सुरू करा.

मामीची हळद पाठवतो आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझा मामा,
रामाजी

लकडगंज, नागपूर
३ ऑक्टोबर १९६८

ती. मामाजींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आज्ञेप्रमाणे रोज संध्याकाळी चालते. पहिल्या दिवशी गल्लीतल्या चार जणींनी कुठे निघालीस वं म्हणून विचारलं. नुसतं चालायला म्हटलं तर घरात भांडण झालं असं ठरलं. तेव्हापासून हातात भाजीची रिकामी पिशवी धरते. आता कोणी विचारत नाही.

मामाजी, गुण आला, पण पत्ता चुकला. हे खाटेवर घोरत असतात आणि सुचतं मला. घरात माझं डोकं दुधावर, नाही तर नळावर. आरागिरण्या मागे टाकून पाय एकदा लयीत पडू लागले की डोक्याला कामच उरत नाही आणि मंजुळा शेजारून चालू लागते. परवा तलावाच्या वळणावर तिने मला चक्क विचारलं, मी काहून पिऊ वं? मी काय केलं? दोन्ही अंक आठवून पाहिले, तिचा गुन्हा कुठेच नव्हता. म्हणून तिने पेला तुळशीपाशीसुद्धा नाही, सरळ मोरीत ओतला, नवऱ्याला चार गोष्टी ऐकवल्या आणि उंबरा ओलांडून गेली.

ह्यांना वाचून दाखवलं. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पाठव, पण माझं नाव नको. अंक सोबत आहे. आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं आहे. पडलं तर माझ्या नावावर पडू द्या, ह्यांना कोणी बोलू नये. लहानूभाऊजींना मरता येणार नाही, त्यांची माफी मागते.

माया असू द्या, फजिती झाली तर अधिकच.

आपली,
शामला

खैरी, जि. भंडारा
२९ ऑक्टोबर १९६८

चि. सौ. शामलास अनेक आशीर्वाद.

अंक वाचला तेव्हा मी घाबरलो होतो, खोटे कशाला सांगू. लहानू तर रडलाच. एवढे मरण शिकलो ते वाया गेले म्हणाला. पण दुसरे काही हाताशी नव्हते, म्हणून लावला.

मंजुळेने पेला ओतला तेव्हा पुरुषांच्या बाजूला कोणी खोकलेसुद्धा नाही. मला वाटले, संपलो. ती उंबरा ओलांडून गेली आणि बायकांच्या बाजूने वन्स मोअर आला! आपल्याकडे गाण्याला वन्स मोअर मिळतो, घर सोडण्याला मिळालेला मी आजवर पाहिला नाही. लहानूला परत घरात यावे लागले, पुन्हा चार गोष्टी ऐकवून पुन्हा जावे लागले. पुन्हा वन्स मोअर. गलका ऐकून पिपरीचे लोक आपले नाटक सोडून इकडे आले. मी मंचावर चढून हे आमच्या नागपूरच्या सूनबाईने लिहिले म्हणून सांगितले.

पुढच्या मंडईचे नाटक तूच लिही. मुकुंदाला सांग, रागावू नकोस, पण संध्याकाळचा स्वयंपाक शिकून घे.

एक राहिले. दुसऱ्यांदा गेलेला लहानू टाळ्या ऐकून स्वतःच्या हौसेने तिसऱ्यांदा घरात परतू लागला. तेव्हा तुझी मामी, माझ्या घरात चाळीस वर्षे मोठ्याने न बोललेली बाई, मंडपात उभी राहून ओरडली, आता वापस नको येऊ वं माय, जाय तू!

त्या दिवसापासून मी तिच्याशी जपून बोलतो. तूही लोभ ठेव.

तुझा मामा,
रामाजी