थोर माणूस अजून ठरला न्हाई

७ जुलै, सोमवार. हळ्ळीखेड (बी)
आजपासून रोज लिहायचं. मोठं काम आलंय. सकाळीच बिदरहून गुरुबसव सरांचा फोन. त्यांची संस्था आपल्या भागातल्या थोर ऐतिहासिक माणसांवर चित्रांचं पुस्तक काढायलीय. एका चित्रकाराला एक माणूस, बारा चित्रं. माणूस ज्याचा त्यानं निवडायचा. मुदत दहा सप्टेंबर. पंधरा वर्षं शाळेत पोरांना कमळ आणि झोपडी शिकवलो, आता कुठं माझी किंमत कळली.

दुपारी मायला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलो. काचबिंदू. उशिरा आणलात म्हणले. गेलेली नजर परत येत न्हाई, उरलेली दोन-तीन महिने टिकली तर टिकली. येताना बसमधी माय म्हणली, मल्लेश, दिसतंय तवर तुझ्या बापाचं तोंड काढ. मी सांगते, तू काढ, चुकलं की बघून सांगते.

अप्पा गेले तवा मी दोन वर्षांचा, श्रीदेवी पोटात. त्यांचा फोटो एकबी न्हाई. पितृपक्षात अमावास्येला म्हाळ घालतो, तवा पाटावर फोटोच्या जागी नुसता नारळ. मायला यंदा तिथं तोंड पायजे. बसमधीच सांगायला लागली: कपाळ रुंद, मिशी बारीक, उजव्या कानाची पाळी फाटकी, एडक्यानं शिंग मारलेलं. एका संध्याकाळचं काम हाय. आधी थोर माणूस ठरवतो.

१९ जुलै
बसवण्णा नको, सगळेच काढतात. भावकीतले म्हणले, आपण धनगर, अहिल्याबाई काढ. पण चित्रकारानं जातीच्या वर असावं. नावांसाठी वेगळी दोनशे पानी वही आणलो. चौदा नावं झाली.
मायनं माझी पेन्सिल टोकरून ठेवली. चाचपडत टोकरताना बोट कापून घेतली. रागावलो. कुणी सांगितलं होतं?

२ ऑगस्ट
महमूद गवान, बहमनी राज्याचे वजीर. पक्का. त्यांचा मदरसा बिदरातच हाय, जवळ पडतो. मोठा फायदा म्हणजे त्यांना बघितलेलं माणूस आता कुणी जिवंत न्हाई. तोंड चुकलं म्हणून कोण म्हणंल? हे डोकं माझंच.

११ ऑगस्ट
बिदरला जाऊन आलो. मोबाईलवर दोनशे फोटो, थोडे माझेच. मायचे डोळ्यात घालायचे थेंब आणायचे राहिले. शेवटची बस गाठायची होती. माणूस एक, कामं दहा.
माय रोज दुपारी दारापुढं उजेडात येऊन बसायलीय. आज विचारली, आज काढतोस का? म्हणलो, थोर माणसावर हात बसू दे, मग घरच्यावर. तिला पटलं असावं. उठून आत गेली.

२४ ऑगस्ट, रविवार
गवानची पगडी फक्कड आली. तोंडाचा विचार चालू हाय. गुरुबसव सर विचारले, कुठवर आलं? निम्मं झालं म्हणलो. मनात झालंच की.
माय घागरीला धडकून पडली. म्हणली, डावीकडचं काहीच दिसंना झालंय, उजव्या डोळ्यात थोडं हाय, लवकर कर बाबा. उद्या नक्की. लिहून ठेवतो: उद्या.

२५ ऑगस्ट
लाईट नव्हती. माय म्हणली, ऊन हाय की. उन्हात कागद डोळ्यावर येतो, तिला काय कळतंय त्यातलं. श्रीदेवीचा राजेश्वरहून फोन. म्हणली, अण्णा, नाचता येईना अंगण वाकडं. सासरी राहून जीभ लई चालायलीय तिची.

९ सप्टेंबर
गुरुबसव सर म्हणले, तुमची वाट बघून गवान दानेश्वरीला दिलो, तिनं बाराही चित्रं आठ दिवसांत दिली. दानेश्वरी माझीच विद्यार्थिनी. म्हणजे एका अर्थी काम माझंच झालं. वाईट वाटलं न्हाई. जेवण गेलं न्हाई, ते उकाड्यानं. आता अप्पांना हात घालतो.

१० सप्टेंबर
सकाळी मायपुढं कागद घेऊन बसलो. पहिल्यांदाच. कपाळ काढलो, तिच्यापुढं धरलो. ती भिंतीकडं बघायली. म्हणलो, माय, इकडं. तर विचारली, उजाडलं का? ऊन तिच्या मांडीवर होतं.
परवापासून असंच हाय म्हणली. तुझं काम चालू होतं म्हणून सांगितलं न्हाई.
रडलो. ही वही कोण वाचतंय. ती म्हणली, मी सांगते, तू काढ. पण चुकलं तर बघून कोण सांगणार? कागद गुंडाळून ठेवलो.

२१ सप्टेंबर, अमावास्या
म्हाळ झाला. पगडीचाच कागद फ्रेम करून आणलो. पगडीखाली तोंड न्हाई, पण फ्रेम चांगली हाय, आणि मायला समाधान मिळणं महत्त्वाचं. श्रीदेवी आली, बघितली. हार वर सरकवून मोकळी जागा झाकली.
मायनं काचेवरून हात फिरवला. कपाळ रुंद काढलास? व्हय म्हणलो. मिशी? बारीक. डाव्या कानाची पाळी फाटकी काढलास का? म्हणलो, व्हय माय, डावीच, हुबेहूब.
तिनं हात काढून घेतला. मग श्रीदेवीला म्हणली, पाटावर नारळ ठेव बाई, दरसालासारखा.
वयानं विसरायलीय, असं वाटलं मला. फोटो असताना नारळ कशाला?
जेवणं उरकल्यावर ही वही काढलो. सात जुलैचं पान. उजव्या कानाची. अक्षर माझंच हाय.